‘रासेयो’चा गाडा चालतो कसा?

गांधी जन्मशताब्दी वर्षात, 24 सप्टेंबर 1969 रोजी, तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. तेव्हा तीत 37 विद्यापीठे होती. दिल्लीहून निघालेला उपक्रम राज्य कक्षाकडे, तिथून विद्यापीठाच्या कार्यक्रम समन्वयकाकडे आणि शेवटी महाविद्यालयातल्या कार्यक्रम अधिकाऱ्याच्या टेबलावर येतो. हा अधिकारी म्हणजे आपले तास सांभाळून हे काम करणारा प्राध्यापक. खरा भार त्याच्यावरच.

एका एककात साधारण 100 स्वयंसेवक. प्रत्येकाने वर्षाला 120 याप्रमाणे दोन वर्षांत 240 तास द्यायचे. शिवाय दत्तक गावात सात दिवसांचे निवासी शिबिर: सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम, मुक्काम बहुधा झेडपीच्या शाळेत, वर्गातले बाक भिंतीला सरकवून. बिल्ल्यावर कोणार्कच्या रथाचे चाक असते. त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर.

तासांचा हिशेब चोख राहतो, कारण प्रमाणपत्र त्यावरच मिळते. गावाचा पाठपुरावा मात्र कच्चा. नाव नोंदवताना विचारा: गेल्या वर्षीच्या गावात पुन्हा कोण गेले होते?