तांबे, मिरी आणि पोपची तिजोरी

भंडाऱ्याच्या पितळ कारागिराला तांब्याचा भाव कळतो. पण याच तांब्यावर युरोपातले राजे आणि पोप धनवान झाले, हे आपल्या फार थोड्या बांधवांना ठाऊक असेल.

1498 मध्ये पोर्तुगीज कालिकतला उतरले. मलबारची मिरी घेताना ते सोन्याचांदीबरोबर तांबेही देत. हे तांबे फुगर या जर्मन सावकारांच्या हंगेरीतील खाणींचे. मिरीचा मक्ता राजाने स्वतःकडे ठेवला. आफ्रिकेच्या किनाऱ्याने चालणाऱ्या व्यापाराचा मक्ता तर 1455 मध्ये पोपनेच पोर्तुगालला लिहून दिला होता! त्याची परतफेडही झाली. 1514 मध्ये राजा मॅन्युएलने पोप दहावा लिओ यास हिंदुस्थानी हत्ती व जडजवाहीर नजर केले. पोपचा पैसा रोमला पोचवणारे सावकारही फुगरच, आणि 1519 मध्ये स्पेनच्या चार्ल्सला सम्राटपद मिळाले तेही त्यांच्याच कर्जावर.

भुर्दंड मात्र चौल-दाभोळच्या मुसलमान जहाजमालकांना. त्यांना 'कार्ताझ' हा परवाना घ्यावा लागे. नसला तर जहाज मालासह जप्त. शिवाय पोर्तुगीज ठाण्यावर जकात (म्हणजे मालावरचा कर, आपली दीनी जकात नव्हे). आमच्या मते खरी मेख इथेच आहे. परवान्याची फी किरकोळ असे. कमाई जकातीत होती, आणि ती राजाच्या खात्यात जाई.