सावित्रीवरचा दगडी पूल

महाबळेश्वरी उगम पावणाऱ्या कृष्णा, कोयना आणि वेण्णा या नद्या पूर्वेकडे वळतात. सावित्री मात्र सह्याद्रीचा कडा उतरून कोकणात येते आणि पोलादपूर, महाड ही गावे मागे टाकून बाणकोटच्या खाडीत समुद्राला मिळते. घाटमाथ्यावर पाऊस कोसळला की काही तासांतच तिचे पात्र दुथडी भरून वाहू लागते.

महाड आणि पोलादपूर यांच्या दरम्यान या नदीवर १९२८ साली दगडी कमानींचा पूल उभा राहिला. पुढे मुंबई-गोवा महामार्गाची अवजड वाहतूकही त्याने पेलली. अशा पुलाची रचना साधी, पण विलक्षण असते. पाचरीच्या आकाराचे घडीव दगड एकमेकांना रेटून धरतात. वरचा भार कमानीतून खांबांत आणि खांबांतून पायात उतरतो. दगड दाब उत्तम सोसतो, म्हणूनच पोलादाविना असे पूल दीर्घकाळ टिकतात. मात्र प्रत्येक कमान शेजारच्या कमानीच्या आधाराने उभी असते. पुराचे पाणी खांबाभोवती भोवरे घेत तळची वाळू आणि गोटे उकरून नेते. एखादा खांब खचला की लगतच्या कमानीही ढासळतात. तोवर वरून पूल जसाच्या तसा दिसत राहतो.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, मुसळधार पावसात, ८८ वर्षांचा हा पूल कोसळला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या एस.टी.च्या दोन गाड्या अंधारात प्रवाहात गेल्या. त्यांतील एकही प्रवासी वाचला नाही. जवळच्या गॅरेजमधील एका कामगाराच्या ही गोष्ट लक्षात आली आणि त्याने इतरांना सावध केले. त्याच्या प्रसंगावधानाने आणखी किती जीव वाचले, याची मोजदाद करता येणार नाही. नौदल, तटरक्षक दल आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान अनेक दिवस गढूळ पाण्यात शोध घेत होते. क्रेनला वजनदार लोहचुंबक बांधूनही तळ धुंडाळण्यात आला.

त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची तपासणी झाली होती आणि तीत धोका आढळला नव्हता. दुर्घटनेनंतर राज्यातील ब्रिटिशकालीन पुलांच्या तपासणीचे आदेश निघाले. सावित्रीवरील नवा पूल अवघ्या १६५ दिवसांत बांधून ५ जून २०१७ रोजी खुला झाला.

गणपतीसाठी गावी निघालेला चाकरमानी आज त्यावरून निर्धास्तपणे जातो. ही निश्चिंती टिकायची, तर पाण्याखालचा पाया दरवर्षी तपासला गेला पाहिजे.