लेंट: चाळीस दिवस आणि भाकरीची परीक्षा

(पॉडकास्टच्या भागाचं लेखी रूप. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय आहे लेंट, म्हणजेच उपवासकाळ किंवा प्रायश्चित्तकाळ.

आधी हिशेब बघू. 2026 मध्ये राखेचा बुधवार 18 फेब्रुवारीला आणि ईस्टर 5 एप्रिलला. मधले दिवस मोजले तर 46 भरतात. मग चाळीस कसे? तर सहा रविवार वगळायचे. रविवार पुनरुत्थानाचा, म्हणजे आनंदाचा दिवस. तो उपवासात धरत नाहीत.

चाळीस हा आकडा येशूच्या अरण्यातल्या उपवासावरून आला. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात ती गोष्ट आहे. गंमत बघा, तिथे आपल्या मराठी बायबलमध्ये ‘मोह’ नाही, ‘परीक्षा’ हा शब्द आहे. मूळ ग्रीक शब्दात दोन्ही अर्थ आहेत. मोह म्हटलं की वाटतं, टाळलं की सुटलो. परीक्षा म्हटलं की कळतं, आत काय आहे ते बाहेर येणार.

येशूच्या तीन परीक्षा झाल्या. दगडाच्या भाकरी कर. मंदिरावरून उडी मारून दाखव. मला नमन कर, सगळी राज्यं तुझी. म्हणजे भूक, दिखावा आणि सत्ता. पहिली परीक्षा भाकरीची आहे, आणि ती आपल्या नगर जिल्ह्याला फार जवळची आहे.

अमेरिकन मराठी मिशन 1831 मध्ये नगरला आलं. पुढे 1876-78 आणि 1899-1900 असे दोन भयंकर दुष्काळ पडले. मिशनऱ्यांनी मदतीची कामं काढली, अनाथ मुलांना सांभाळलं. बरीच कुटुंबं, त्यात दलित कुटुंबं जास्त, मंडळीत आली. तेव्हापासून एक टोमणा चालत आलाय: ‘भाकरीसाठी धर्म बदलला.’ उपाशी माणसाला भाकरी लागते, यात लाजण्यासारखं काही नाही. शाळा आणि माणूस म्हणून मानसुद्धा त्यांना हवाच होता. पण पोट भरल्यावर विश्वास उरतो का, हा प्रश्न खरा आहे. तो त्यांच्यापेक्षा आज पोटभर जेवणाऱ्या आपल्याला जास्त लागू पडतो.

याचं एक उत्तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या आयुष्यात दिसतं. 1895 मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि नंतर त्यांनी नगरला मिशनसोबत दोन दशकं काम केलं. 1917 मध्ये, वयाच्या पंचावन्न-छप्पन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. 1919 मध्ये ते गेले. पगार घेणं पाप नव्हतं, तरी त्यांनी तो सोडला. विश्वास नवा करणं म्हणजे काय, ते मला इथे कळतं.

आता आपलं. कॅथलिक नियमाप्रमाणे 18 ते 59 वयाच्या लोकांनी राखेच्या बुधवारी आणि उत्तम शुक्रवारी एकदाच पोटभर जेवायचं असतं. प्रोटेस्टंट मंडळ्यांत पद्धती वेगवेगळ्या. कुणी मटण सोडतं, कुणी चहा, कुणी रील्स. मी कोड लिहून पोट भरतो, म्हणून एक साधी गोष्ट सांगतो: सगळा भार मनाच्या ताकदीवर टाकू नका. ॲप काढून टाका. फोन रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. मोह आला की झगडण्यापेक्षा त्याची वाट आधीच अवघड करून ठेवा.

पण तेवढ्यावर थांबलात तर ते नुसतं डाएट झालं. यशयाच्या 58 व्या अध्यायाचा सूरच असा आहे की देवाला आवडणाऱ्या उपवासात आपली भाकरी भुकेल्यापर्यंत पोचते. म्हणून दोन प्रश्न वहीत लिहा. वाचलेला वेळ कुठे गेला? वाचलेले पैसे कुणाला मिळाले? वेळ प्रार्थनेला आणि घरच्या म्हाताऱ्या माणसांना द्या. पैसे एखाद्या मुलाच्या फीला, एखाद्या ऊसतोड कुटुंबाच्या किराण्याला द्या. आणि गाजावाजा नको. नाहीतर आपण दुसऱ्या परीक्षेत नापास.

मध्येच एखादा दिवस चुकला तर? दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा. चाळीस दिवस त्यासाठीच आहेत.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.