विश्लेषण : मुलाच्या खिशात ‘एमडी’ची पुडी सापडली, तर पालकांनी काय करायचे? कायदा काय सांगतो?

मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत अमली पदार्थांवरील कारवाईच्या बातम्या आता नव्या राहिलेल्या नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये याच आयुक्तालयाच्या गुन्हे शाखेने काशिमीऱ्यातील एका लहान कारवाईचा माग काढत थेट तेलंगणातील कारखान्यावर छापा टाकला. माणिकपूरसारख्या स्टेशनला लागून असलेल्या वस्तीत पालकांना मात्र वेगळाच प्रश्न पडतो. आपलेच मूल यात अडकले, तर मदत मागायची की लपवायची? ‘पोलीस आपल्याच मुलाला उचलतील’ या भीतीने अनेक घरांत उपचार लांबतात. ही भीती कितपत खरी आहे?

एमडी म्हणजे नेमके काय?

एमडी म्हणजे मेफेड्रोन. ‘म्याव म्याव’ या नावानेही ते ओळखले जाते. ते कोणत्याही झाडापासून मिळत नाही, रसायनांपासून बनवले जाते. त्यामुळे औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या बंद युनिटमध्येही त्याचे उत्पादन होऊ शकते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंडजवळच्या कुरकुंभ एमआयडीसीत असाच कारखाना उघडकीस आणला होता.

शरीरावर काय परिणाम होतो?

मेफेड्रोनमुळे मेंदूत डोपामाइन आणि सेरोटोनिन ही रसायने एकदम वाढतात. उत्साह वाटतो, झोप आणि भूक मरते. हृदयाचे ठोके, रक्तदाब आणि शरीराचे तापमान वाढते. हा परिणाम काही तासांतच ओसरतो आणि मन खचते. ते टाळण्यासाठी त्याच रात्री पुन्हा पुन्हा डोस घेतला जातो. पुढे संशय, भास, चिडचिड सुरू होते. पुडीत आणखी काय मिसळले आहे, हे विकणाऱ्यालाही अनेकदा ठाऊक नसते.

कायद्यात शिक्षा किती?

मेफेड्रोन २०१५ पासून एनडीपीएस कायद्याखाली येते. शिक्षा वजनावर ठरते. २ ग्रॅमपर्यंतचे प्रमाण ‘अल्प’ मानले जाते. त्यासाठी एक वर्षापर्यंत कारावास किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ५० ग्रॅमपेक्षा जास्त साठा ‘व्यावसायिक’ ठरतो. त्यात १० ते २० वर्षांची शिक्षा आहे आणि जामीनही सहज मिळत नाही. या दोन्हींच्या मधल्या वजनासाठी १० वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

इथे एक गोष्ट तरुणांच्या लक्षात येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हिरा सिंग प्रकरणात स्पष्ट केले की, भेसळीसह संपूर्ण मिश्रणाचे वजन धरायचे. म्हणजे पुडीत निम्मी पावडर दुसरीच असली तरी वजन सगळ्याचे होते. चार मित्रांनी पैसे काढले आणि एकाने सगळ्यांसाठी ‘माल’ आणला, तर पकडला गेलेला तो एकटा अल्प प्रमाणाच्या बाहेर जाऊ शकतो.

उपचारासाठी गेल्यास गुन्हा दाखल होतो का?

याच कायद्याचे कलम ६४ अ पालकांनी वाचायला हवे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून उपचार घेण्यास तयार झाली, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळते. अटी दोन आहेत. उपचार सरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेत व्हायला हवेत आणि ते पूर्ण करायला हवेत. उपचार अर्धवट सोडल्यास हे संरक्षण काढून घेतले जाऊ शकते. त्यामुळे संस्थेत दाखल करण्यापूर्वी तिची मान्यता तपासणे आणि कागदपत्रे जपून ठेवणे महत्त्वाचे आहे. विक्री करणाऱ्यांसाठी ही सवलत नाही.

मूल १८ वर्षांखालील असेल तर?

अशा मुलाचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. मुलांना अमली पदार्थ देणाऱ्या किंवा त्यांच्याकडून ते विकून, पोहोचवून घेणाऱ्या व्यक्तीला बाल न्याय कायद्यानुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, हुंगण्याच्या नशेचे प्रमाण प्रौढांमध्ये ०.५८ टक्के, तर मुलांमध्ये १.१७ टक्के आढळले होते. म्हणजे सुरुवात पुडीपासूनच होते असे नाही. पंक्चरचे सोल्यूशन, थिनर या घरातल्या वस्तूंवरही लक्ष हवे.

मदत कुठे मिळेल?

व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. विक्रेत्याची माहिती द्यायची असेल तर १९३३. परळच्या केईएम रुग्णालयात व्यसनमुक्ती केंद्र आहे. फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये सुरू केलेल्या कृपा फाउंडेशनचे केंद्र वसईतही आहे. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण कार्यरत आहे.

मूल बेशुद्ध झाले, छातीत दुखू लागले किंवा झटके आले, तर वाट पाहू नका. १०८ वर फोन करा, त्याला कुशीवर वळवा आणि एकटे सोडू नका. काय घेतले आहे, ते डॉक्टरांना खरे सांगा. उपचाराची दिशा त्यावरच ठरते. बदनामीच्या भीतीने लपवलेली माहिती अशा वेळी जिवावर बेतू शकते.