समासातलं बोलणं

गेल्या वर्षी दिवाळी अंकाचं काम ऐन भरात असताना रत्नागिरीहून एका लेखिकेचा फोन आला. बाई शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, वय 78. त्यांचा लेख होता घरच्या खळ्यावर. शांतपणे म्हणाल्या, "तुमचं बाजूचं सगळं बोलणं वाचलं मी. बाकी काय बदलायचं ते बदला. उडवी मात्र काढू नका."

मला घाम फुटला.

बाजूचं बोलणं म्हणजे कमेंट्स. अंकाचे लेख आम्ही गूगल डॉक्सवर ठेवतो. मी सांगलीत, मुद्रितशोधक पुण्यात, मांडणी करणारा कोल्हापुरात, आणि एकच फाइल तिघांपुढे उघडी. बाईंच्या लेखातल्या एका परिच्छेदाशेजारी आमच्या मुद्रितशोधक मैत्रिणीने लिहिलं होतं, "ही वाक्यं संपतात तरी कुठे?" त्याखाली माझं उत्तर होतं, "वय झालंय त्यांचं, सांभाळून घे." फाइल बाईंना पाठवण्याआधी अशा प्रत्येक कमेंटवरच्या 'बरोबर'च्या खुणेवर मी क्लिक केलं. चौकट नाहीशी झाली आणि बोलणं पुसलं गेलं असं मी धरून चालले.

ते पुसलं जात नाही. त्या खुणेचा अर्थ 'हा मुद्दा मिटला' एवढाच. बाण तिच्यावर नेऊन थांबलं की जो मजकूर दिसतो, त्यात चर्चा लपवली जाईल असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तो मी कधी वाचलाच नव्हता. लपवलेली प्रत्येक चर्चा वर उजवीकडच्या कमेंटच्या चिन्हामागे, नावागावासकट आणि तारीखवार, शाबूत असते. ज्याला त्या फाइलवर कमेंट करायची मुभा आहे, त्याला ती उघडता येते. बाईंनी उत्तर कुठे द्यायचं ते शोधताना ते चिन्ह दाबलं असणार.

काढून टाकायचं असेल तर कमेंटच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर जाऊन डिलीट निवडावं लागतं. आमचं दोघींचं बोलणं आम्ही त्याच दुपारी काढलं. मैत्रिणीने तिचं, मी माझं. त्या घाईत दुसरी चूक झाली, आणि तिचं दुःख मला पहिलीपेक्षा जास्त आहे.

"उडवी म्हणजे गंजीच ना?" असं मीच लेखाच्या शेजारी विचारलं होतं. त्याखाली बाईंनी सविस्तर उत्तर दिलं होतं. समोर दिसेल ती माझी प्रत्येक कमेंट मी उडवत गेले, त्यात तीही गेली. डॉक्समध्ये पहिली कमेंट डिलीट केली की तिच्याखालची सगळी उत्तरंही तिच्यासोबत जातात, मग ती कुणाची का असेनात. प्रश्न माझा होता, पण सांगणं बाईंचं होतं. ते पुसायचा हक्क मला नव्हता.

आठ दिवसांनी पानं लागली. मैत्रिणीने पुन्हा 'उडवी'खाली रेघ मारली आणि वाचकांसाठी तळटीप मागितली. फाइलच्या जुन्या आवृत्त्या मी उघडून पाहिल्या. त्यात लेखाचा मजकूर होता, बाईंचं उत्तर मिळालं नाही. ते सापडलं माझ्या मेलमध्ये. कमेंटला उत्तर आलं की डॉक्स मेल पाठवतं, आणि त्यात बोललेलं उतरलेलं असतं. फाइलमधून कमेंट काढली म्हणून पोचलेला मेल परत येत नाही. त्या दिवशी त्याने मला तारलं. उलट वेळ आली असती तर त्यानेच उघडं पाडलं असतं.

बाईंनी लिहिलं होतं की गंजी मळणीनंतरच्या पेंढ्याची, उडवी मळणीआधीची. कापलेल्या भाताचे भारे गोल रचायचे, लोंब्या आत, बुडखे बाहेर, म्हणजे दाणा सुरक्षित राहतो. लहानपणी त्या आईबरोबर उडवीला टेकून दुपारची भाकरी खात. एवढं सगळं एका कमेंटच्या उत्तरात.

इतर ठिकाणी शब्द तेच दिसले तरी परिणाम वेगळा असतो. मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये पूर्ण चॅट डिलीट केलं तर ते आपल्यापुरतंच जातं, समोरच्याकडे राहतं. स्लॅकमध्ये चॅनेल अर्काइव्ह केलं की नवं बोलणं थांबतं, जुनं शोधता येतं; डिलीट केलं की कायमचं जातं. व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांसाठी डिलीट करायला सुमारे अडीच दिवस मिळतात, आणि काहीतरी काढल्याची ओळ मागे राहते.

खिळ्यांच्या छापखान्यात माझ्या वडिलांनी प्रुफं तपासली. लाल पेन्सिलीने समासात काय काय लिहिलेलं असे! अंक निघाला की ती प्रुफं रद्दीत जात, लेखकाच्या हाती पडत नसत. बोलणं आपोआप संपे, तसं बाईंसारख्यांचं सांगणंही संपे. आता दोन्ही टिकतात, म्हणून निवड आपल्याला करावी लागते, आणि ती करताना मी आता हात आवरते.

लेख लेखकाला पाठवायचा असेल तर मूळ फाइल पाठवत नाही. फाइल मेनूतून तिची प्रत काढते. प्रत काढताना कमेंट्सही घ्यायच्या का असं विचारणारी चौकट येते, ती रिकामी ठेवते. मग आमचं बोलणं आणि जुन्या आवृत्त्या, दोन्ही मागे राहतात आणि लेखकाकडे स्वच्छ लेख जातो. डिलीट करण्याआधी खालची उत्तरं शेवटपर्यंत वाचते. शब्दाविषयी, गावाविषयी कुणी काही सांगितलेलं असेल तर ते आधी वेगळ्या फाइलीत नाव घालून उतरवते. आणि मुख्य म्हणजे, लेखकाच्या तोंडावर बोलवणार नाही ते कमेंटमध्ये लिहीत नाही. मैत्रिणीलाही तेच सांगितलंय.

अंक निघाल्यावर मी रत्नागिरीला जाऊन बाईंची माफी मागितली. त्यांनी विषय वाढू दिला नाही, तळटीप मात्र दोनदा वाचली.

या वर्षी त्यांनी फाइल नको म्हणून कळवलं. लेख टपालाने आला, फुलस्केपवर, निळ्या शाईत. डावीकडे चांगला चार बोटं समास सोडलाय, आमच्यासाठी.