वाचोपचारक आणि त्यांचा संघ

बोलण्यातील दोषांना आपल्या भाषेत नावे पुष्कळ आहेत. शब्दाच्या उंबरठ्याशी अडखळणारा तो तोतरा, 'र'ला 'ल' म्हणणारा तो बोबडा, नाकातून बोलणारा तो गेंगाणा आणि मुळीच न बोलणारा तो मुका. नावे आहेत तसे उपायही आहेत. मूल वेळेवर बोलेना की आजी वेखंड उगाळून त्याच्या जिभेला लावते. शेजारीण सांगते, जीभ जड आहे, सुटेल हळूहळू. आणि 'याचे वडीलही उशिराच बोलले' या वाक्याने सर्वांचे समाधान होते. परंतु बोलण्याचा दोष तपासून, त्याचे कारण शोधून, महिनोन्महिने परिश्रम करून तो सुधारणाऱ्या माणसाला मात्र मराठीत परंपरेने नाव नाही. वैद्य आहे, वैदू आहे, सुईण आहे, हा नाही. कारण त्याचा व्यवसायच आपल्याकडे उणापुरा साठ वर्षांचा आहे. 'स्पीच थेरपिस्ट' हा शब्द आता शहरांतून रुळला आहे. मी सोयीसाठी 'वाचोपचारक' म्हणतो.

या वाचोपचारकांच्या संघटनेविषयी आज थोडे बोलावयाचे आहे. एखादा श्रोता म्हणेल, वकिलांचा संघ असतो, डॉक्टरांचा असतो, तसा यांचाही असेल. त्यात आम्ही कान देण्यासारखे काय? शंका रास्त आहे. तथापि ज्या घरात न बोलणारे मूल आहे, किंवा अर्धांगवायूच्या झटक्याने ज्यांची वाचा गेली असे वडीलधारे माणूस आहे, त्या घराशी या प्रश्नाचा संबंध फार जवळचा आहे.

वाचोपचारकाचे काम बंद खोलीत चालते. समोर एक मूल आणि त्याची आई, टेबलावर काही चित्रे, एखादा आरसा. दुभंगलेल्या टाळूची शस्त्रक्रिया झालेले मूल 'प' म्हणायला शिकत असते. स्वरयंत्र काढून टाकलेला रुग्ण अन्ननलिकेतून आवाज काढण्याचा सराव करीत असतो. मेंदूला इजा झालेला गृहस्थ समोरचा तांब्या ओळखतो, पण त्याचे नाव त्याच्या ओठावर येत नाही. शल्यचिकित्सक शस्त्रक्रिया करतो तेव्हा आजूबाजूला चार जाणते डोळे असतात. वाचोपचारकाला पाहणारे कोणी नसते. मूल सुधारले तर का सुधारले, आणि न सुधारले तर उपाय चुकला की वेळ कमी पडला, हे ठरविण्यास त्याच्यापाशी दुसरे मत नसते. जिल्ह्याच्या ठिकाणी तर त्या विद्येचा तो बहुधा एकटाच असतो. अशा एकटेपणात विद्या एकतर गंजते, नाहीतर हट्टी होते. दोन्ही प्रकारांत किंमत मोजतो तो रुग्ण; आणि तो जर तीन वर्षांचा असेल, तर भाषा शिकण्याची त्याची जी वर्षे गेली ती परत मिळत नाहीत.

येथे एक फरक स्पष्ट केला पाहिजे, कारण सुशिक्षित माणसेही त्यात गफलत करतात. आपल्या देशात वाचोपचारकाचे नाव एका नोंदवहीत असावे लागते. भारतीय पुनर्वसन परिषदेचा कायदा १९९२ साली संमत झाला आणि १९९३ मध्ये अमलात आला. मान्य पदवी घेतलेल्या व्यक्तीची नोंद ही परिषद करते, आणि नोंदणीवाचून व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्या कायद्यात सांगितली आहे. (हजार रुपयांचे भय आज कोणास वाटेल, हा प्रश्न निराळा.) ही परिषद शासनाने निर्माण केलेली आहे आणि तिच्या नोंदवहीत नाव असणे ही सक्ती आहे. संघ ही वेगळी वस्तू आहे. तो स्वेच्छेचा असतो. त्याचे सभासद न होताही माणूस आयुष्यभर कायदेशीरपणे व्यवसाय करू शकतो. म्हणूनच तर प्रश्न उद्भवतो की, मग सभासद व्हावे कशाला?

या प्रश्नाचे उत्तर इंग्लंडमधील या व्यवसायाच्या इतिहासात चांगले सापडते. सहावे जॉर्ज राजे तोतरे बोलत असत, आणि लायोनेल लोग या ऑस्ट्रेलियातून आलेल्या गृहस्थाने त्यांना आधार दिला, ही हकीकत चित्रपटामुळे आता जगभर माहीत झाली आहे. चित्रपटातही आलेले असे की, या लोग यांच्यापाशी वैद्यकाची पदवी नव्हती. ते वक्तृत्व शिकविणारे होते, आणि पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांची गेलेली वाचा सुधारता सुधारता ते या विद्येकडे वळले. त्या काळी लंडनमध्ये कोणीही दारावर पाटी लावून बोलणे सुधारण्याचा धंदा करू शके. त्यांत गुणी माणसे होती तसे भोंदूही होते, आणि रुग्णाला दोघांतला भेद कळण्याचा मार्ग नव्हता. अशा वेळी लोग यांनी राजाच्या ओळखीवर स्वस्थ बसण्याऐवजी समव्यवसायी लोकांना एकत्र करून १९३५ साली एक संस्था काढली. दुसरी एक संस्था होतीच. दोहोंत स्पर्धा होती, मानापमानही असणारच. तथापि १९४५ साली दोन्ही विलीन होऊन एकच 'कॉलेज ऑफ स्पीच थेरपिस्ट्स' स्थापन झाले, आणि पुढे राजांनी त्याचे आश्रयदातेपद स्वीकारले. कोणास या व्यवसायात घ्यावे, त्याने काय शिकलेले असावे, हे आता ही संस्था ठरवू लागली. यातली मौज अशी की, लोग ज्या मार्गाने या व्यवसायात आले, तोच मार्ग त्यांच्या पिढीने आपल्यामागे बंद करून घेतला. अमेरिकेतील संघ याहून जुना, १९२५ सालचा. मूठभर मंडळींनी काढलेल्या त्या संघाचे सभासद आज दोन लाखांहून अधिक आहेत, आणि त्याच्या प्रमाणपत्राला तेथे पदवीइतकेच वजन आहे.

आपल्याकडे या विद्येची मुळे धरली ती १९६० नंतरच्या दशकात. म्हैसूर येथे १९६५ साली केंद्र शासनाची संस्था सुरू झाली. 'ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग' या नावाने ती आज प्रसिद्ध आहे. त्याच सुमारास मुंबईच्या नायर रुग्णालयात शिक्षणाची सोय झाली. पुढे १९८३ साली मुंबईतच अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था निघाली. विशेष म्हणजे पहिल्या विद्यार्थ्यांच्या तुकड्या बाहेर पडत होत्या त्या दशकातच 'इंडियन स्पीच अँड हिअरिंग असोसिएशन' हा या लोकांचा संघही उभा राहिला. व्यवसाय पुरता जन्मण्याआधीच त्याचा संघ जन्मला, असे म्हटले तरी चालेल. आज त्याचे वार्षिक अधिवेशन निरनिराळ्या नगरांतून भरते, अनेक राज्यांत शाखा आहेत, एक नियतकालिक आहे, आणि सभासदांनी कसे वागावे याचे आचारनियम आहेत.

आता मराठी श्रोत्यांना विशेष जवळचा असा भाग. वाचोपचाराचे शास्त्र आपण बहुतांशी इंग्रजी ग्रंथांतून शिकलो. परंतु मूल इंग्रजीत बोबडे बोलत नाही, आपल्या भाषेत बोलते. मराठीत 'ळ' आहे. 'च'चे उच्चार दोन आहेत : 'चार'मधला वेगळा, 'चाक'मधला वेगळा. दिल्लीला किंवा भिलाईला वाढणारे एखादे मराठी मूल 'शाळा'ला 'शाला' म्हणते. हिंदी भाषेचा वाचोपचारक ते ऐकून म्हणेल, ठीक आहे; कारण प्रमाण हिंदीत 'ळ' नाही. उलट तेच मूल 'चाक' अगदी शुद्ध मराठी म्हणेल, तेव्हा त्याच्या कानाला तो दोष वाटण्याचा संभव. म्हणजे जेथे दोष आहे तेथे तो दिसत नाही आणि नाही तेथे दिसतो. आणखी पुढे जा. वऱ्हाडातील खेड्यात 'डोळा'चा 'डोया' होतो. तो त्या बोलीचा धर्म आहे, जिभेचा दोष नव्हे. पुण्याच्या वाचोपचारकाने त्यावर सहा महिने उपचार केले तर ते त्या मुलावर आणि त्याच्या आजोळावर अन्यायच होतील. व्याकरणाचेही तसेच आहे. आपली लिंगे तीन. 'तो', 'ती', 'ते' हे मूल कितव्या वर्षी नीट वापरू लागते, हे ठाऊक असल्याशिवाय एखादे मूल मागे पडले आहे की नाही, हे सांगता येणार नाही. इंग्रजी पुस्तकात या प्रश्नाचे उत्तर असणे शक्यच नाही.

हे उत्तर मिळवायचे कसे? निरोगी, नीट बोलणारी शेकडो मुले ऐकावी लागतात : नागपूरची, रत्नागिरीची, बेळगावची, इंदूरची, बडोद्याची, शहरातली तशी खेड्यातली. प्रत्येक वयात कोणते वर्ण, कोणती रूपे स्थिर होतात याची नोंद करावी लागते. ही कामे होत नाहीत असे नाही. पदव्युत्तर विद्यार्थी प्रबंधासाठी शब्दांच्या याद्या, चित्रसंच, कसोट्या तयार करतात. परंतु प्रबंध ग्रंथालयाच्या फडताळात जातो आणि सांगलीच्या वाचोपचारकाला तो दिसतही नाही. एकटा मनुष्य, कितीही कुशल असो, हे काम करू शकत नाही. पन्नास जणांनी आपापल्या गावी वीस वीस मुले ऐकली, एकाच पद्धतीने टिपणे ठेवली, तर हजार मुलांची सामग्री वर्षभरात गोळा होईल. पद्धत ठरविणे, टिपणे जुळविणे, मतभेद मिटविणे आणि अखेर ती कसोटी सर्वांच्या हाती देणे, याला संघ लागतो. भाषावार असे गट उभारण्याइतके उपयुक्त काम संघाच्या सभासदाला दुसरे क्वचितच असेल, असे माझे मत आहे.

संघाचे दुसरे महत्त्व कायद्याच्या शब्दांत आहे. अपंग व्यक्तींविषयीच्या १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते. त्यांत श्रवणदोष होता, पण निव्वळ वाचादोषाचा प्रकार नव्हता. २०१६ च्या नव्या कायद्यात एकवीस प्रकार आले आणि त्यांत वाणी व भाषेचे अपंगत्व प्रथमच स्वतंत्रपणे नोंदले गेले. तथापि त्याची व्याख्या अशी की, शारीरिक वा मज्जासंस्थेच्या कारणाने आलेले, कायमचे अपंगत्व. उदाहरणार्थ स्वरयंत्र काढल्याने किंवा मेंदूच्या इजेने वाचा गेल्यामुळे आलेले. नोकरीच्या मुलाखतीत आपले नावही उच्चारता न येणारा तोतरा तरुण या व्याख्येत सहजासहजी बसत नाही. तो बसावा की न बसावा, याविषयी जाणत्यांतही दोन मते असू शकतील. परंतु अशा व्याख्या शासनाच्या कचेऱ्यांतून लिहिल्या जातात, आणि तेथील रीत मला परिचित आहे. एका व्यक्तीचे पत्र आले तर त्यावर 'पाहिले' असा शेरा पडून ते दप्तरी जाते. तेच म्हणणे एखाद्या देशव्यापी संघाने पुराव्यानिशी, सर्व राज्यांतील उदाहरणे देऊन मांडले, तर त्याला उत्तर द्यावे लागते. निदान का मान्य नाही, हे लिहावे लागते. यात कोणाचा दुष्टपणा नाही. ज्याने प्रश्न सोडवायचा त्याला तो एकाचा आहे की सर्वांचा, हे कळण्याचे दुसरे साधन नसते.

संघाविरुद्ध ज्या तक्रारी ऐकू येतात त्याही खोट्या नाहीत, आणि त्या कोणत्याही व्यवसायसंघाविरुद्ध ऐकू येतील अशाच आहेत. अधिवेशने मोठ्या शहरांत, व्यवहार इंग्रजीत, पदाधिकारी बहुधा महाविद्यालयांतले. तालुक्याच्या गावी एकट्याने दवाखाना चालविणाऱ्या तरुणीला तीन दिवस दवाखाना बंद ठेवून, भाडे खर्चून, चार निबंध ऐकून परतणे परवडत नाही. ती वर्गणी भरते आणि विसरते. तिने तसे केले की संघ आणखीच शहरी होतो, आणि तो शहरी झाला की ती आणखी दूर जाते. हे चक्र कोठेतरी तोडावे लागेल, आणि माझ्या मते ते तिच्याच बाजूने तुटण्यासारखे आहे. सभासदत्वाला पदवी, अर्ज आणि वर्गणी पुरते. सहभागाला मात्र एखादे काम अंगावर घ्यावे लागते. ते मोठेच असले पाहिजे असे नाही. राज्यशाखेच्या एखाद्या समितीत टिपणे लिहून देणे, शेजारच्या जिल्ह्यातील समव्यवसायी व्यक्तीशी महिन्यातून एकदा अवघड रुग्णांविषयी बोलणे, आपल्या उपचाराने न सुधारलेल्या एका रुग्णाची प्रामाणिक हकीकत नियतकालिकाकडे पाठविणे, निवडणुकीत मत देणे. यांपैकी शेवटची गोष्ट सर्वांत सोपी, आणि संघ कोणताही असो, सर्वांत दुर्लक्षिलेली.

न सुधारलेल्या रुग्णाच्या हकिकतीविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. यशाच्या गोष्टी सांगायला सर्वच पुढे येतात. परंतु ज्या विद्येत उपचारक एकटा असतो, तीत अपयशाची देवाणघेवाण हीच खरी शिकवण असते, आणि ती अनोळखी माणसांत होत नाही. एकमेकांना नावाने ओळखणाऱ्या, एकाच आचारनियमांनी बांधलेल्या मंडळींतच ती होऊ शकते. पुनर्वसन परिषद नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पुढील शिक्षणाचे गुण मागते, हे ठीकच आहे; व्याख्यानाला बसून ते गुण मिळतातही. परंतु व्याख्यान संपल्यावर चहाच्या पेल्याभोवती जो प्रश्न विचारला जातो, त्याला गुण नसतात, आणि पुष्कळदा तोच प्रश्न घेऊन माणूस घरी जातो.

श्रोत्यांपैकी ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांनी उपचारकाला दोन प्रश्न अवश्य विचारावेत. पहिला, परिषदेच्या नोंदवहीतील क्रमांक काय. तो विचारण्यात संकोचाचे कारण नाही. खरा उपचारक तो आनंदाने दाखवितो. दुसरा, अडचण पडली तर आपण कोणाशी सल्लामसलत करता. या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना त्याने दुसऱ्या गावच्या कोणा समव्यवसायी व्यक्तीचे नाव घेतले, तर मूल त्याच्या हाती सोपवायला हरकत नाही. आणि मूल दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडत नसेल, तर वेखंडाच्या आधी त्याचे कान तपासून घ्यावेत; कारण ऐकू न येणारे मूल बोलत नाही, ही गोष्ट पुष्कळ घरांत अजूनही उशिरा लक्षात येते.