तापीकाठचा मार्ग, खानदेशातील
जळगाव व धुळे जिल्ह्यांतून तापीच्या उत्तरेस, नदीला साधारण समांतर जाणारा रस्ता. बऱ्हाणपूर–अंकलेश्वर मार्गाचा हा भाग रावेर, सावदा, यावल, चोपडा व शिरपूर या गावांवरून जातो. एकीकडे सातपुड्याची रांग व दुसरीकडे काळ्या मातीतील केळी-कापसाची शेते असल्याने तो रम्य आहे. मात्र त्यावरून नदी क्वचितच दिसते. जुन्या वसाहती नदीचे उतार व संगम यांच्या आश्रयाने वाढल्या. त्यामुळे वारसास्थळांसाठी हमरस्ता सोडून काठावर उतरावे लागते. तापी-पूर्णा संगमावर चांगदेव मंदिर, तापी-पांझरा संगमावर मुडावद येथे कपिलेश्वर मंदिर, तर थाळनेरला फारुकी घराण्यातील थडगी आहेत. तेथील, इंग्रजांनी १८१८ मध्ये घेतलेल्या किल्ल्याचे आता अवशेषच उरले आहेत.